वरच्या मजल्यावरची दुपार

१

चहाचा ट्रे घेऊन वर गेलेल्या मावशींनी मास्तरांच्या खोलीचं दार पायानं ढकललं, आत पाहिलं आणि ट्रे तिथेच टाकून त्या ओरडत जिन्याकडे धावल्या. मास्तर पलंगावर तोंड उघडं टाकून पडले होते. नाकातली नळी जागच्या जागी होती, ऑक्सिजनचं सिलिंडरही भरलेलं होतं, फक्त त्याचा नॉब घट्ट बंद होता. आपोआप बंद होणारी ती वस्तू नव्हे. आणि मास्तरांना अंगावरची चादर ओढून घेता येत नव्हती, ते उठून नॉब कुठला फिरवणार!

वृद्धाश्रमात एकच गलका झाला. बागेतल्या बाकावर बसलेली मास्तरांची लेक धावत वर आली आणि बापाच्या छातीवर डोकं ठेवून रडू लागली. पोलीस आले. व्यवस्थापकांनी छाती पुढे काढून सांगितलं, "आमच्याकडे कॅमेरे आहेत साहेब, कोण आत गेलं ते लगेच कळेल." आणि खरंच लगेच कळलं. कॅमेरेवाल्यानं पेन ड्राइव्हवर एक तुकडा काढून दिला. त्याच्या कोपऱ्यात अक्षरं होती, 'वरचा कॉरिडॉर'. रिकामी वाट, ओढलेल्या पडद्यांमुळे मंद उजेड, आणि त्या उजेडातून चालत आलेली सेविका. ती डावीकडच्या तिसऱ्या दारातून, म्हणजे मास्तरांच्याच खोलीच्या दारातून, आत गेली. थोड्या वेळानं ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. बस्स, त्याच संध्याकाळी तिला उचललं.

सेविका जीव तोडून सांगत होती, "मी दुपारी वर गेलेच नाही हो! मी खाली आजींकडे होते, त्यांची चादर ओली झाली होती." आजींना विचारलं तर आजी गोड हसल्या आणि म्हणाल्या, "ही कोण गं बाई?" आजींना सकाळचं दुपारी आठवत नसे. झालं, साक्षीदार असून नसल्यासारखी.

ते सगळं प्रकरण पेन ड्राइव्हच्या रूपानं भिंगबाईंच्या टेबलावर आलं. भिंगबाई म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत डिजिटल पुरावे तपासणाऱ्या बाई. नाव सगळ्यांनी ठेवलेलं, आणि त्यांच्या तोंडावरही घेतलं जाई, कारण त्यांना त्याचं काही वाटत नसे.

"बाई, एक सही द्या," फौजदार खुर्ची ओढत म्हणाले. "क्लिप खरी आहे, छेडछाड नाही, एवढंच लिहा. आरोपपत्र तयार आहे. मास्तरांची लेक रोज ठाण्यात येऊन आम्हाला भंडावून सोडते."

"क्लिप काढली कोणी?"

"कॅमेरेवाल्यानं."

"तेव्हा तुम्ही शेजारी होतात?"

"मी बाहेर जबाब घेत होतो."

"म्हणजे तुमच्या माघारी कोणीतरी, कशातून तरी, काहीतरी कापून दिलं. आणि मी त्यावर डोळे झाकून सही करायची. मला काय रबरी शिक्का समजलात?"

फौजदार ओशाळले. मग एकदम आठवल्यासारखे म्हणाले, "अहो, मूळ रेकॉर्डर सुरक्षित आहे ना! मी सक्त ताकीद दिलीय, एक क्षणही बंद करायचा नाही. पाच दिवस झाले, अखंड चालू आहे."

भिंगबाई ताडकन उभ्या राहिल्या. "चालू आहे? अहो साहेब, डिस्क भरली की तो जुनं पुसून त्याच जागी नवं लिहितो. तुम्ही जपून ठेवलेली ती दुपार तो पुसतोय!"

२

वृद्धाश्रमाला नव्या रंगाचा वास येत होता. वरचा कॉरिडॉर आणि खालचा कॉरिडॉर अगदी जुळे भाऊ. तोच फिका पिवळा रंग, तशीच डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच दारं, छताच्या कोपऱ्यात तसाच एकेक कॅमेरा. भिंतीवरची चित्रं रंगकामासाठी उतरवलेली, ती अजून परत लागली नव्हती. कुठे उभे आहोत ते जिना मोजल्याशिवाय कळू नये. मास्तरांची खोली वर डावीकडे तिसरी, आणि खाली तिच्याच पोटाशी आजींची.

रेकॉर्डर ऑफिसमधल्या कपाटात धूळ खात पडला होता. भिंगबाईंनी आधी त्याच्या घड्याळाचा फोटो काढला, शेजारी आपला फोन धरून. मग इंटरनेटची वायर काढली.

"ती का काढता?" व्यवस्थापक कळवळले.

"कॅमेरेवाला घरबसल्या फोनवरून यात शिरू शकतो का?"

"हो, सोयीसाठी दिलंय."

"म्हणूनच काढते. आता इथे कोणाचीच सोय बघायची नाही."

मग त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं, यंत्र नीट बंद केलं आणि डिस्क काढायला घेतली. तिच्या जागी कोरी डिस्क लावून देते म्हटल्यावर व्यवस्थापकांचा जीव भांड्यात पडला. हे गृहस्थ बोलके होते. बोलक्या माणसाला भिंगबाई कधी अडवत नसत. नुसतं "हं" म्हणत काम करायचं.

"काय सांगू तुम्हाला, त्या संध्याकाळी मास्तरांची लेक इथेच बसली होती, या खुर्चीत. मी तिला अख्खी दुपार लावून दाखवली, वरच्या मजल्याची. सेविका आत जाताना दिसली तेव्हा मला घाम फुटला. मी लगेच थांबवायला गेलो, तर ही म्हणते, 'पुढे चालू द्या.'"

"हं."

"पुढे काय, नुसता रिकामा कॉरिडॉर! ती मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होती, श्वाससुद्धा घेत नव्हती. मग एकाएकी 'बास' म्हणाली. तिथे तर काहीच नव्हतं हो, मुंगीसुद्धा नव्हती. आणि त्यानंतर तिनं सेविकेच्या नावानं जो आकांत मांडला! बिचारी. दुःखानं माणूस कसा होतो बघा."

भिंगबाईंचा हात पेचकसावर थांबला. बापाचा मारेकरी समोर दिसल्यावर कोण म्हणेल 'पुढे चालू द्या'? आणि पुढे रिकामी वाट बघत कशासाठी बसेल? पण दुःखात माणसं काहीही करतात हेही खरं. त्यांनी पेच फिरवला.

तेवढ्यात कॅमेरेवाला आला. तिशीतला, हातात मोटारसायकलची किल्ली, आणि आल्या आल्या कपाळावर घाम. बाहेर काही ऊन मी म्हणत नव्हतं.

"मॅडम, तुम्हाला वरच्या मजल्याचंच पाहिजे ना?" तो घाईघाईनं म्हणाला. "तेवढंच मी काढून देतो की. अख्खी डिस्क कशाला नेता? खालच्यात काहीच नाहीये!"

खालच्याचं नाव कोणी काढलंच नव्हतं.

३

भिंगबाई तिथून थेट ठाण्यात गेल्या. खरं तर त्यांचं काम यंत्राशी, माणसांशी नाही. पण ज्या बाईच्या गळ्यात आपल्या सहीचा फास पडणार तिला एकदा बघावं, एवढं त्या पाळत.

सेविका भिंतीला टेकून बसली होती. चाळिशीची, दणकट हातांची. म्हातारी माणसं उचलून उचलून झालेले हात. समोर कोणी येऊन बसलं तरी तिची नजर वर आली नाही.

"तू वर गेली नव्हतीस म्हणतेस."

"म्हणत होते," ती म्हणाली. आवाज खोल गेलेला. "आता काय म्हणू, मॅडम? यांनी मला ते दहादा दाखवलं. चालणं माझं, ॲप्रन माझा. मी हात कसा पुसते तेसुद्धा तसंच. माझा नवराही बघून गेला. तो म्हणाला, 'अगं, तूच आहेस की.'"

"पण तुला आठवतं काय?"

"चादर बदलली ते आठवतं. आजी हसल्या ते आठवतं. पण ते रोजचंच आहे ना! त्या दिवशीचं की आदल्या दिवशीचं, कसं सांगू?" तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "मॅडम, माणूस विसरतो. यंत्र विसरत नाही ना?"

भिंगबाईंनी विषय बदलला. "मास्तर तुझ्याशी कसे वागायचे?"

"बोलायचे कुठे? मी भरवलं की डोळे मिटायचे, तेच त्यांचं 'बरं झालं'. मी त्यांचं वाईट का करीन, तेच कळत नाही मला. रात्रभर तेच शोधते. कधी चिडले असेन का? थकले असेन का? मॅडम, थकले तर मी होतेच."

गुन्हेगार खोटं बोलतात, निरपराध माणसं ओरडतात, हे भिंगबाईंनी पुष्कळ पाहिलं होतं. पण ही बाई स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावे गोळा करत बसली होती.

"काही बोलू नकोस, कशावर अंगठा नको, सही नको," त्यांनी बजावलं. "मला डिस्क बघू दे. ऐकतेस ना?"

सेविकेनं मान हलवली. ऐकलं की नाही कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगबाई प्रयोगशाळेत चपला काढतात न काढतात तोच फौजदारांचा फोन आला.

"बाई, सुटलो! तिनं कबूल केलं. नॉब कसा फिरवला तेसुद्धा हातानं करून दाखवलं."

४

"अभिनंदन," भिंगबाई म्हणाल्या, "पण सही मी डिस्क बघूनच देईन," आणि फोन ठेवला. राग त्यांना फौजदारांचा आला नव्हता, स्वतःचा आला होता. काल रात्रीच का नाही बसलो आपण?

मूळ डिस्क सीलबंद करून त्यांनी तिची तंतोतंत नक्कल काढली आणि नकलेवर काम सुरू केलं. ती दुपार अजून शाबूत होती, जेमतेम. आजपर्यंत थांबल्या असत्या तर गेलीच असती. त्यांनी 'वरचा कॉरिडॉर' उघडला. सेविका आली, तिसऱ्या दारातून आत गेली, हात पुसत बाहेर आली. क्लिपमध्ये होतं तेच, फक्त जास्त स्वच्छ. कुठे कातर लावलेली नाही, कुठे जोड नाही. रेकॉर्डरचं घड्याळही जवळपास बरोबर होतं.

भिंगबाईंनी बंद केलं नाही. त्याही म्हणाल्या, पुढे चालू द्या.

रिकामी वाट. रिकामी वाट. चहाची वेळ झाली, तरी रिकामी वाट. त्या पुढे सरकल्या, चष्मा पुसला, पुन्हा मागून लावलं. मग त्यांनी सरळ फौजदारांना बोलावून घेतलं.

"साहेब, मावशी ट्रे घेऊन वर गेल्या, ट्रे टाकून ओरडत पळाल्या. हो ना?"

"हो तर. कॉरिडॉरभर चहा सांडला होता."

"मग मास्तरांची लेक धावत आली, डॉक्टर आले, तुम्ही आलात, हवालदार आले. निदान पंधरावीस माणसं त्या कॉरिडॉरमधून गेली. बरोबर?"

"बरोबर."

"मग दाखवा मला त्यातला एक तरी."

फौजदार पडद्यावर वाकले. 'वरचा कॉरिडॉर' संध्याकाळपर्यंत शांत झोपला होता. एकदा आजी दारातून डोकावल्या, एवढंच.

"आजी? आजी वर काय करतात?" फौजदारांच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, म्हणजे हे वरचं नाहीच?"

"तुमच्या क्लिपमध्ये हे कळायचं नव्हतं. 'आत कोण गेलं' एवढंच तुम्ही मागितलंत, त्यानं तेवढंच कापून दिलं."

दोघं त्याच पावली वृद्धाश्रमात गेले. आता सोक्षमोक्ष लागणार म्हणून फौजदार स्वतःच धापा टाकत वर गेले. खाली ऑफिसमध्ये भिंगबाई पडद्यासमोर बसल्या आणि फोनवरून म्हणाल्या, "हात हलवा." त्यांचा होरा होता की साहेब 'खालचा कॉरिडॉर' या नावाखाली दिसणार.

फौजदार 'वरचा कॉरिडॉर' याच नावाखाली दिसले. वर उभे, वरच दिसतायत, आणि आज्ञाधारक मुलासारखे दोन्ही हात हलवतायत.

"दिसतोय का हो बाई?"

"दिसताय," भिंगबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. सगळं जागच्या जागी होतं. कॅमेरा बरोबर, नाव बरोबर. म्हणजे मग सेविका खरंच वरच गेली होती?

५

भिंगबाई सहज हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या. फौजदार खाली येईपर्यंत त्या लॅपटॉपवरची जुनी दुपार आणि समोरच्या पडद्यावरचा आत्ताचा कॉरिडॉर शेजारी शेजारी ठेवून बघत होत्या. वरचा तर वरचा, पण तोच कॅमेरा कशावरून?

आणि मग त्यांना तो ठिपका दिसला. जुन्या दुपारच्या चित्रात, वर डाव्या कोपऱ्याजवळ, मंद उजेडात एक बारीकसा लालसर ठिपका. भिंतीवरचा डाग म्हणावा तर सेविका त्याखालून गेली तेव्हा तो तिच्या केसांवरही होता. चित्र पुढे सरकलं तरी तो ढिम्म हलत नव्हता.

"हा कॅमेऱ्याच्या आतला दोष," त्यांनी फौजदारांना बोट ठेवून दाखवलं. "असा एखादा कण कायमचा पेटलेला राहतो. माणसाच्या अंगावर तीळ असावा तसा. पेन ड्राइव्हवरची क्लिप दाबून छोटी केलेली, त्यात हा पुसला गेला. मूळ डिस्कवर राहिला. आता समोर बघा."

समोर 'वरचा कॉरिडॉर' चालू होता. ठिपका नव्हता. भिंगबाईंनी 'खालचा कॉरिडॉर' मोठा केला. वर डाव्या कोपऱ्याजवळ, तिथेच, ठिपका होता.

"पण नाव तर..."

"थांबा, नावाचं मलाही नीट जुळत नाहीये. कॅमेरेवाल्याला बोलवा."

तो आला तेव्हाच त्याची पाचावर धारण बसलेली होती. भिंगबाईंनी आवाज चढवला नाही.

"मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कॉरिडॉरचे दोन्ही कॅमेरे एकदम बंद पडले आणि थोड्या वेळानं एकदम सुरू झाले. डिस्कवर दिसतंय. फाटकाचा आणि स्वयंपाकघराचा मात्र चालू होता, म्हणजे लाइट गेली नव्हती. तेव्हा तू काय करत होतास?"

त्यानं आधी ततपप केलं. मग मटकन खुर्चीत बसला.

"रंगकामासाठी दोन्ही मीच उतरवले होते, मॅडम. मास्तर गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी घाईत परत बसवले. दोन्ही एकसारखे. कॅमेऱ्याचं नाव भिंतीला नसतं ना, त्याच्या पत्त्याला चिकटलेलं असतं, आणि पत्ता त्याच्या पोटात. वरचा खाली लागला, खालचा वर लागला. मग रेकॉर्डर खालच्या वाटेला वरचा म्हणणार आणि वरच्या वाटेला खालचा."

"आणि कळलं कधी?"

"मास्तर गेल्यावर दुसऱ्या दिवशी. पोलीस वर उभे आणि दिसतायत खालच्यात. मी गुपचूप फोनवरूनच दोघांच्या पोटातल्या पत्त्यांची अदलाबदल केली. चूक सुधारली."

"चूक सुधारली?" फौजदार कडाडले. "एक बाई कोठडीत बसली होती तेव्हा!"

"मला वाटलं साहेब, पोलिसांनी पकडलंय म्हणजे काहीतरी केलंच असेल. आणि मी बोललो असतो तर माझं काम गेलं असतं." तो रडू लागला. भिंगबाईंना त्याची दया आली नाही. त्यांना किळस आली, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

"म्हणजे सेविका खालीच होती," फौजदार हळू आवाजात म्हणाले. "आजींकडे. ती खरं बोलत होती. आणि आम्ही तिच्याकडून..."

"ते नंतर. आधी हे बघा की खरी वरची वाट कुठे आहे." भिंगबाईंनी नकलेतली त्या दुपारची 'खालचा कॉरिडॉर' ही फाइल उघडली. ज्यात काहीच नाही असं कॅमेरेवाला सांगत होता ती. कोणी एकदाही न उघडलेली.

रिकामी वाट. मग जिन्याकडून कोणीतरी आलं, चपला हातात धरून.

फौजदारांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "अरे देवा! ही?"

६

मास्तरांची लेक ठाण्यात स्वतःच आली होती, रोजच्यासारखी, आरोपपत्राचं विचारायला. फौजदारांनी तिला खुर्ची दिली. भिंगबाईंनी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि त्यांना वाटलं होतं की ती आता कांगावा करील. तिनं केला नाही. स्वतःला अनवाणी चालत जाताना, बापाच्या दारातून आत जाताना, बाहेर येऊन भिंतीला टेकून उभं राहताना आणि मग जिन्याकडे परत जाताना तिनं पाहिलं. मागून मावशी ट्रे घेऊन आल्या, पळाल्या, माणसं धावली, आणि त्या माणसांत ती स्वतःही पुन्हा आली, रडत.

"हे कुठे होतं?" तिनं विचारलं.

"शेजारीच," भिंगबाई म्हणाल्या. "तुम्ही त्या संध्याकाळी सेविका दिसल्यावर थांबला नाहीत. पुढे चालू द्या म्हणालात. तुम्ही स्वतःची वाट बघत होता."

"हो. माझी वेळ आली आणि गेली. कॉरिडॉर रिकामा! मी तिथून गेले होते हे मला ठाऊक, पण चित्रात मी नव्हते. मला आधी वाटलं, मला वेड लागलं. मग वाटलं, देवानं पुसलं. आणि मग दोनतीन दिवसांनी, खरं सांगते, मला वाटायला लागलं की मी बागेतच बसले होते. तिनंच केलं. मी ओरडत होते ते नाटक नव्हतं हो."

"मास्तरांनी सांगितलं होतं का, मला सोडव म्हणून?" फौजदारांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा मऊ पडला होता.

तिला तिथे पळवाट दिसली असणार. पण ती नाही म्हणाली.

"ते काहीच म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. मी रोज यायची, दिवसभर बसायची, तो सूं सूं आवाज ऐकायची. मला कंटाळा आला होता. हे तोंडानं बोलायची लाज वाटते, पण कंटाळाच. वाटलं, एकदा तो आवाज थांबावा." तिनं पदरानं चेहरा पुसला. "थांबला तेव्हा ते माझा हात शोधत होते. मी दिला नाही."

फौजदारांनी मान खाली घातली. हवालदार दारातच थबकला होता, त्याला कोणी आत ये म्हणेना. अखेर भिंगबाईंनीच लॅपटॉप मिटला.

७

सुटकेचे सोपस्कार व्हायला आणखी वेळ गेला. कबुलीजबाब एकदा कागदावर आला की तो सत्य असो नसो, त्याला उठवायला चार कचेऱ्या फिराव्या लागतात. फौजदार स्वतः फिरले. ते त्यांचं प्रायश्चित्त असेल, नाही तर भीती असेल.

सेविका बाहेर आली तेव्हा भिंगबाई बाकावर थांबल्या होत्या. कोणी तिला नीट समजावून सांगितलं नसणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिला शेजारी बसवलं, दोन्ही फाइली दाखवल्या, कॅमेरे कसे उलटे लागले ते सांगितलं, तो ठिपका दाखवला. सेविका शाळेतल्या शहाण्या मुलीसारखी लक्ष देऊन बघत होती.

"म्हणजे ही मी, खाली."

"हो. आजींच्या खोलीत. तू पहिल्यापासून खरं बोलत होतीस."

"मग मास्तरांचा नॉब मी कधी फिरवला?"

"तू फिरवलाच नाहीस गं. त्यांच्या लेकीनं फिरवला. तिनं कबूल केलंय."

"मीही कबूल केलं होतं," सेविका म्हणाली.

भिंगबाईंनी तिचा हात हातात घेतला. सेविकेनं तो घेऊ दिला, पण तिची बोटं मिटलेली होती, काहीतरी घट्ट धरल्यासारखी.

"तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्ही सांगता म्हणजे तसंच असेल. पण मॅडम, मला ते आठवतंय. गार लोखंड, आणि आधी जड लागतो मग फिरतो ते. हाताला आठवतंय." तिच्या डोळ्यांत एकाएकी भीती उतरली. "मी त्या दुपारी वर नव्हते, खाली होते म्हणता ना? आजींच्या खोलीत? मग मी आजींचं काही केलं का? आजी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत. अगदी बऱ्या आहेत. मी पाहिलं."

सेविकेनं लॅपटॉपकडे बोट केलं.

"स्वतः पाहिलंत, की यात?"

"स्वतः," भिंगबाई म्हणाल्या. "आज सकाळीच. मी जवळ बसले होते त्यांच्या."

सेविका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, खरं की खोटं ते शोधत. मग उभी राहिली आणि म्हणाली, "मला घेऊन चला. मी दारातूनच बघते, आत नाही जाणार."